भिंतीचा मुहूर्त

हा अंक आपल्या हाती पडेल तोवर बहुतेकांच्या घरांना रंग लागून झालेला असेल, बांबूच्या परांच्या सुटलेल्या असतील, आणि ओसरीच्या फरशीवर सांडलेले रंगाचे थेंब घरातले कोणीतरी ब्लेडने खरवडत बसलेले असेल. अशा वेळी ‘घराला बाहेरून रंग केव्हा द्यावा’ या विषयावर लिहिणे म्हणजे वरातीमागून घोडे, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. या सदराच्या वाचकांना माझी घोडी आता ओळखीची झाली आहेत. शिवाय मला जे सांगायचे आहे, ते ज्यांचा रंग यंदा राहिला त्यांच्यासाठीच आहे. आणि दिवाळीच्या चार दिवसांत खट्टू होऊन बसतात तेही नेमके तेच.

आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. सोलापूरकडे दुसरी एक टेंभुर्णी आहे. तिचा आणि आमचा संबंध नावापुरता. आमचा मुलूख काळ्या जमिनीचा, कापूस-सोयाबीनचा, आणि वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर पावसावर संसार करणारा. अशा गावात आश्विन लागला की एक साथ येते. पहिली शिडी एखाद्या घराला लागते. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातली गृहिणी आपल्या भिंतीकडे अशा नजरेने पाहते, की जणू ती भिंत रात्रीतून काळवंडली. तिसऱ्या दिवशी यजमान रंगाच्या दुकानात उभे असतात. भिंतीला काय हवे आहे हे भिंतीला कोणीच विचारीत नाही. शेजाऱ्याने लावला, घरात कार्य निघाले, किंवा हातात पैसा आला, या तीन कारणांनी आपल्याकडे घराला रंग लागतो. ही तिन्ही कारणे माणसाची आहेत. भिंतीचे त्यात एकही नाही.

तसे पाहिले तर बाहेरची भिंत ही घराची जमाखर्चाची वहीच असते. जुन्या घराचा एखादा पोपडा निघालेला पाहा. वर पोपटी, त्याखाली गुलाबी, त्याखाली निळा, मग पिवळ्या कावेचा एक हात, आणि अगदी तळाशी चुना. प्रत्येक थर म्हणजे बरे गेलेले एक साल. बरे न गेलेले साल थर ठेवीत नाही, म्हणून ते दिसत नाही इतकेच. १९७२ च्या दुष्काळात कोणी रंग लावला असेल असे वाटत नाही. २०१२-१३ साली जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा झाडांना पाणी मिळेना, तिथे भिंतीला रंग कुठला! अशा सालानंतर ज्या घरावर नवा हात फिरतो, त्या घराला ‘दिखाऊ’ म्हणण्याची माझी छाती होत नाही. तो रंग म्हणजे ‘आम्ही अजून आहोत’ असे गावाला सांगणे असते.

पण मग दिवाळीचाच मुहूर्त का? आपल्या वाडवडिलांना भिंतीचे काही कळत नव्हते काय? उलट आहे. त्यांना फार चांगले कळत होते.

मराठीत गावच्या शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. ही पांढरी माती आमच्या भागात घराच्या अंगाला लागत आली. माळवदावर तीच, भिंतीच्या लिंपणात तीच, आणि नवरात्राचे घट बसण्यापूर्वी बायका ओल्या फडक्याने भिंतीला जो पोतारा देत, त्यातही तीच. पावसाने भिंतीचे जेवढे अंग झडले, तेवढे पावसाळ्यानंतर भरून काढायचे, असा तो साधा हिशेब होता. ज्यांना ऐपत होती ते चुना लावीत. कळीचा चुना हौदात टाकून विरवायचा, खदखदून शांत झाला की गाळायचा, त्यात थोडा डिंक, थोडे मीठ, चिमूटभर नीळ घालायची, आणि कुंच्याने भिंतीला द्यायचा.

या चुन्याची एक खुबी आहे. चुनखडी भाजून चुना होतो, आणि तोच चुना भिंतीवर बसल्यावर हवेतला कार्बन डायॉक्साइड वायू घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे आपण भिंतीला रंग देत नाही, दगडाचा एक पातळ पापुद्रा चढवतो. या कामाला वेळ लागतो आणि थोडी ओलही लागते. वैशाखात तापलेल्या कोरड्या भिंतीवर चुना मारला, तर भिंत त्यातले पाणी क्षणात पिऊन टाकते आणि वर उरते ती भुकटी. टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीवर घराचा ठसा उमटतो तो असा. आश्विनातली भिंत मात्र आतून थंड, किंचित ओलसर, आणि वरून उघडीप. चुन्याला याहून चांगली वेळ नाही. शिवाय चुना भिंतीचा श्वास बंद करीत नाही. आतली ओल त्याच्यातून निघून जाते. पावसाळ्यात धरलेली बुरशीही त्याच्या तिखटपणाने मरते. दसरा-दिवाळीला घर पांढरे करण्याच्या रूढीत धर्म किती आणि चुना किती, याचा निवाडा मी करीत नाही. पण जुन्या माणसांचा मुहूर्त चुन्याला धार्जिणा होता, यात शंका नाही.

हे शहाणपण काही आपल्यापुरते नव्हते. वॉशिंग्टनच्या अध्यक्षनिवासाला १७९८ साली पहिल्यांदा पांढरा हात दिला गेला तो चुन्याचाच. तिथला वालुकाश्म सच्छिद्र. त्यात पाणी शिरून थंडीत गोठले तर दगड तडकायचा, म्हणून ती छिद्रे बुजवायला चुना. लोक त्या घराला ‘व्हाइट हाऊस’ म्हणू लागले, आणि १९०१ साली तेच अधिकृत नाव झाले. इतके लांब जायला नको असेल, तर छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहावा. सतराव्या शतकातल्या त्या इमारतीला संगमरवर आहे तो भिंतींना कमरेच्या आसपास आणि वर घुमटाला. मधला बहुतेक पांढरेपणा चुन्याच्या गिलाव्याचा आहे. ‘गरिबाचा ताजमहाल’ म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांनी त्या गिलाव्याने किती पावसाळे पाहिले ते मोजावे.

चुन्यानंतर आला सिमेंटचा रंग. आपण सगळ्याच सिमेंट-रंगांना ‘स्नोसेम’ म्हणत आलो. तोही मुळात सिमेंटच. त्याला लावण्यापूर्वी भिंत भिजवावी लागते आणि लावल्यावर पाणी मारावे लागते. म्हणजे त्यालाही दिवाळीची भिंत मानवत होती. बिघडले ते पुढे. डब्यातला तयार रंग आला, ज्याला आमच्याकडे सरसकट ‘प्लास्टिक पेंट’ म्हणतात. दिसायला देखणा, धुवायला सोपा, पाच-सात वर्षे टिकणारा. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी काढलेला तो डबा-ब्रशवाला खट्याळ गट्टू घरोघर पोचला, आणि सणासुदीला नवा रंग ही कल्पना जाहिरातींनी आणखी पक्की केली. रंगाला मी नावे ठेवीत नाही. पण हा रंग भिंतीवर पातळ पडद्यासारखा बसतो, आणि आतली ओल त्यातून सहजी बाहेर पडत नाही. त्याला कोरडी भिंत लागते. आणि आपण त्याला देतो कोणती भिंत? चार महिने पाऊस पिऊन नुकतीच उठलेली!

रंग बदलला, मुहूर्त तोच राहिला. सगळी गोम इथे आहे.

आमच्याकडे एक वयस्क रंगारी आहेत. सारे गाव त्यांना मामू म्हणते. एका आश्विनात ते एका घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे होते. वैद्याने नाडी पाहावी तसे. मी विचारले, “काय मामू, काय म्हणते भिंत?”

“सर,” ते म्हणाले, “भिंत अजून पेलेली हाये. तिची उतरू द्या. पेलेल्या माणसाला नवे कपडे घातले तर काय व्हतं?”

या एका वाक्यात जे आहे, ते रंगाच्या डब्यावरच्या बारीक अक्षरांतही असते. पण ते कोणी वाचीत नाही आणि मामूंना कोणी ऐकत नाही. दिवाळी चार दिवसांवर आलेली असते. मग मामूही बिचारे शिडी लावतात. त्यांनाही दिवाळी असतेच. पाडव्याला भिंत झकास दिसते. होळीच्या सुमारास तिच्यावर फोड येतात, पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघतात, आणि मग दोष रंगाला, नाहीतर मामूंना.

पंचांग या बाबतीत आपल्याला मदत करीत नाही, हेही ध्यानात घ्यावे. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. २०२५ साली ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच आले. अधिक महिन्यामुळे दिवाळी अशी मागेपुढे सरकते, पण भिंत तिथीवर वाळत नाही. त्यातून हल्ली पाऊस ऑक्टोबरातही मुक्काम ठेवतो.

एकदा बसलेला लेप काढणे हे बसवण्यापेक्षा किती अवघड असते, याचा फार मोठा दाखला आमच्याच मुलखाशेजारी आहे. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत. निजामाच्या सरकारने १९२० ते १९२२ या काळात दोन इटालियन तज्ज्ञांना तिथे आणवले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचे उपकारच. पण चित्रांच्या रक्षणासाठी म्हणून त्यांनी वरून लाखेचे रोगण दिले. हेतू उत्तम होता. तथापि ते रोगण काळाबरोबर पिवळे-तपकिरी पडत गेले, त्यावर धूळ आणि काजळी धरली, आणि खालचे रंग त्यात बुडाले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी वर्षानुवर्षे कापसाच्या बोळ्यांनी ते पुसण्याचे काम केले. आपली घरे म्हणजे अजिंठा नव्हे. पण भिंतीला काय सोसते ते पाहून मगच वर काही चढवावे, हा धडा दोन्हीकडे एकच.

मग भिंतीची वेळ झाली हे ओळखायचे कसे? यासाठी इंजिनिअर व्हायला नको. मामूंकडून आणि चार जाणत्या गवंड्यांकडून ऐकलेले इथे देतो.

प्रथम कोरड्या भिंतीवरून तळहात फिरवावा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर जुना रंग मेला. त्याच्यावर नवा बसणार नाही, आधी घासून काढायला हवा. चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढावी. तिच्याबरोबर रंगाचे पापुद्रे आले तर तेच. मग भिंतीवर पाणी शिंपडावे. थेंब घरंगळून गेले तर रंग अजून राखण करतो आहे; भिंत ते पिऊन काळी पडली, तर रंगाचे काम संपले. नुसता रंग विटला, उन्हाने फिका पडला, एवढ्यावरून घाई करू नये. दक्षिण आणि पश्चिम अंगाचा रंग आधी विटतो, कारण ऊन आणि पाऊस तिकडूनच जास्त येतात. उत्तरेला सावलीत शेवाळ धरते. म्हणून चारही भिंती एकदम रंगवल्याच पाहिजेत असेही नाही. पश्चिमेला गरज आहे म्हणून पूर्वेनेही नवे कपडे मागावेत, हा हट्ट भिंतीचा नसतो, आपला असतो.

ओल पाहायची तर वीतभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावा. आतल्या बाजूला दव धरले तर भिंत अजून ‘पेलेली’ आहे. तळाशी पांढरे मीठ फुटले असेल, ज्याला आपण लोणा म्हणतो, तर जमिनीतून किंवा कुठून तरी पाणी चढते आहे. लोण्यावर रंग लावणे म्हणजे गळतीखाली रांगोळी काढणे. आधी पाण्याची वाट शोधावी: पन्हाळ फुटली आहे का, स्लॅबच्या कडेला पाणी ओघळते का, कठड्यावर तडा आहे का, न्हाणीघराचा पाइप आतल्या आत पाझरतो का. आधी छप्पर, मग पन्हाळ, मग गिलावा, आणि शेवटी रंग. नवा गिलावा केला असेल तर त्याला पाणी मारून झाल्यावर निदान महिनाभर तरी वाळू द्यावे. हे सगळे करून माघ-फाल्गुन गाठावा. थंडी ओसरलेली, भिंती वाळलेल्या, आणि ऊन अजून पेटलेले नाही. तेव्हाही उन्हाच्या मागे मागे, सावलीत आलेल्या भिंतीवर काम करावे. तापलेल्या भिंतीवर रंग बसण्याआधीच वाळतो.

लोखंडाचे आणि लाकडाचे शास्त्र मात्र वेगळे. तिथे खूण दिसेपर्यंत थांबायचे नसते, कारण गंज दिसला याचा अर्थ उशीर झाला. पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला. त्याला साधारण दर सात वर्षांनी रंग देतात, आणि एका खेपेला सुमारे साठ टन रंग लागतो. आपल्या खिडक्यांच्या जाळ्या आणि दारे यांना पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी एक हात द्यावा. जुना ऑइल पेंट खरवडताना तोंडाला फडके बांधावे आणि लेकरांना दूर ठेवावे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला; त्याआधीच्या थरांत काय असेल ते सांगता येत नाही.

आता भेगांविषयी. इथे मात्र मला विनोद सुचत नाही.

केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा गिलाव्याच्या असतात. त्या भरून रंग लावावा, काही बिघडत नाही. पण एखादी भेग दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चढत असेल, तिच्यात नाण्याची कड शिरत असेल, तर तिच्या टोकाशी पेन्सिलीने तारखेसह खूण करावी आणि दोन-तीन महिने पाहावे. खुणेच्या पुढे गेली तर ती भिंतीची नव्हे, पायाची गोष्ट आहे. स्लॅबच्या खाली किंवा खांबावर सरळ रेषेत भेग आणि तिच्यातून तांबूस ओघळ दिसला, तर आतली सळई गंजून फुगली आहे आणि काँक्रीट फोडते आहे. जालना हे सळईचे गाव. तिथल्या कोणत्याही कारागिराला विचारा, हे दुखणे रंगाने बरे होते का. जुन्या दगडमातीच्या भिंतीला पोट सुटले असेल, तर त्या भिंतीखाली खाट टाकू नये. भेग ही भिंतीची साक्ष असते. ती न वाचता तिच्यावर लांबी भरून रंग फिरवणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे.

चोखोबांचे जन्मगाव म्हणून सांगितले जाते ते मेहुणा राजा आमच्या लगतच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. वरच्या रंगाला भुलू नका, हे त्यांचे सांगणे महाराष्ट्राला पाठ आहे. पण परंपरा त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगते, ती आपण कमी आठवतो. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ती भिंत कोसळली आणि कामावरचे मजूर तिच्याखाली गाडले गेले. चोखोबा त्यांच्यात होते. ते साल १३३८ असे मानतात. वरच्या रंगाबद्दल बजावणारा संत भिंतीखाली जावा, याचा अर्थ लावायला मी धजत नाही.

आणि किल्लारी तर आमच्या पिढीने पाहिली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपापल्या घरांखाली. हात-दोन हात रुंद दगडी भिंती, मधे मातीचा भराव, आतला आणि बाहेरचा थर बांधून धरणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. बाहेरून ती घरे भक्कम दिसत. भूकंप रंगाने थांबत नाही आणि रंगामुळे येतही नाही. पण ज्या मुलखात घराच्या भिंतीने माणसे मारली आहेत, त्या मुलखात तरी वर्षातून एकदा भिंतीकडे रंगाचा विचार बाजूला ठेवून पाहावे. रंग देण्याआधीचा दिवस हा त्यासाठी सर्वांत चांगला. एरवी आपण आपल्याच घराची बाहेरची बाजू नीट न्याहाळतो कधी?

इथवर वाचून कोणी म्हणेल, “सर, तुमचे सगळे बरोबर, पण माघात पैसे कोण देणार?” हा प्रश्न कल्पनेतला नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वृद्ध शेतकरी राहतात. सारी गल्ली त्यांना आबा म्हणते. त्यांच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल होती आणि तुळशीच्या लग्नानंतर नातीला पाहायला पाहुणे यायचे होते. मी त्यांना माघ-फाल्गुनाचे सांगायला गेलो.

“सर,” आबा म्हणाले, “तुमचा फाल्गुन लई चांगला हाय. पण माझ्या खिशात तो येत नाही. सोयाबीन इकलं की पैसा दिसतो. दसऱ्याला आलेला पैसा संक्रांत बघत नाही.”

मी गप्प झालो. कारण हे शंभर टक्के खरे होते. हरभऱ्याचे बियाणे, पोरांच्या फिया, दवाखाना, उधारी. ऑक्टोबरातली नोट फेब्रुवारीपर्यंत कोणाच्या घरात टिकते? दिवाळीला ओल्या भिंतीवर रंग लावणारा माणूस मूर्ख नसतो. भिंत वाळण्याआधी पैसा वाळून जाईल, हे त्याला ठाऊक असते.

वाट काढली ती त्यांच्या सुनेने. दाराआडून तिने सांगितले, “मामा, रंगाचं पैसं माझ्याकडं द्या. मी गटात टाकते. फाल्गुनात काढू.” तिचा बायकांचा बचत गट आहे. तिथे टाकलेला पैसा पुरुषांना सहजी काढता येत नाही, हे त्या गटाचे सर्वांत मोठे व्याज. आबांनी जरा मान हलवली आणि पैसे दिले. त्यांतलेच थोडे घेऊन दिवाळीआधी स्लॅबची कड नीट केली, पन्हाळ बदलली, भेगा भरल्या. ओसरीच्या दर्शनी भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. पश्चिमेची भिंत सिमेंटच्या राखाडी ठिगळांसह तशीच उभी राहिली.

पाहुणे आले. पोहे झाले. निघताना मुलाच्या आजोबांनी त्या ठिगळांकडे बोट केले. आबांचा चेहरा उतरला. “पाणी कुठून येत होतं वो?” आजोबांनी विचारले. त्यांच्याही घराला तेच दुखणे होते! मग दोघे म्हातारे अर्धा तास पन्हाळीवर बोलत उभे राहिले, आणि जीपवाला हॉर्न वाजवून कंटाळला. सोयरीक पुढे जमली. तिचे श्रेय भिंतीला देण्याचे कारण नाही, मुलगी बी.एस्सी. झालेली आहे. फाल्गुनात गटातून पैसे निघाले आणि मामूंनी भिंतीवर तळहात ठेवून मान डोलावली. त्याला आता तीन पावसाळे झाले. भिंतीवर अजून फोड नाही.

म्हणून यंदा ज्यांचा रंग राहिला, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. दर्शनी दाराशी चुन्याचा एक हात द्यावा, उंबऱ्याला गेरू लावावा, आणि रंगाचे पैसे अशा ठिकाणी ठेवावेत, की जिथून ते फाल्गुनापर्यंत निघणार नाहीत. बाकी लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या लागल्या की कोणाची भिंत नवी आणि कोणाची जुनी, हे दोन हातांवरून ओळखू येत नाही. निदान आमच्या टेंभुर्णीत तरी येत नाही. आमच्याकडे त्या वेळी बहुधा वीज गेलेली असते.